बॅटरी आणण्याआधी कटआउट तपासा

दीड वर्षात तीन बॅटऱ्या बसल्या, तेव्हा कुठे मी मल्टिमीटर हातात घेतला. दर वेळी दुकानात एकच निदान व्हायचं, ‘साहेब, बॅटरी गेलीय, नवी टाका.’ ते खोटंही नव्हतं. पण तिला मारणारा गाडीतच बसून होता. तो म्हणजे कटआउट, कागदोपत्री रेग्युलेटर-रेक्टिफायर. इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणं हे त्याचं काम.

गाडी यामाहा आरएक्स-१००. भारतात ती १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे आज रस्त्यावरच्या प्रत्येक आरएक्सचं वायरिंग किमान दोन-चार मिस्त्र्यांच्या हातून गेलेलं असणार. बुलेट, येझदी, जुनी स्प्लेंडर, सगळ्यांचं तेच. म्हणून आधी मोजायचं आणि मगच पैसे खर्च करायचे.

आधी मोजा

गाडी दोन-तीन तास बंद ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ दिसतं. १२.४ असेल तर चार्जिंगला लावा. १२च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आता हॉर्न दाबून धरा. भरलेल्या बॅटरीचा आकडा थोडासाच उतरतो. १०-११च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली.

मग चांगली, भरलेली बॅटरी (मित्राच्या गाडीची चालेल) लावून किक मारा. आयडलिंगला १२.५-१३ दिसलं तरी हरकत नाही. हळूहळू रेस वाढवा. आरएक्सला टॅकोमीटर नाही, त्यामुळे तिसऱ्या गिअरात चाळीसच्या वेगाला इंजिन जसं वाजतं, तेवढी रेस धरा. तेव्हा १३.८ ते १४.५च्या दरम्यान आकडा थांबायला हवा. रेस देऊनही तो हलत नसेल, तर कॉइल (इंजिनातली वीज बनवणारी), वायर किंवा कटआउट यांपैकी काहीतरी गेलंय. १५च्या वर चढत राहिला, तर कटआउट बदलायचाच. बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी आटत असेल आणि बल्ब उडत असतील, तर मीटर न लावताही उत्तर कळतं.

६ व्होल्टच्या गाड्यांत हे आकडे साधारण निम्मे धरा. भरलेली बॅटरी ६.३-६.४ आणि चार्जिंग सात-सव्वासातच्या आसपास.

दोष वायरचा तर नाही?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नवा कटआउट घेऊनही रडत बसतात. इंजिन चालू ठेवून, रेस देऊन, मीटरचं एक टोक कटआउटच्या लाल वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढी वीज मधल्या वायरीत किंवा गंजलेल्या सॉकेटमध्येच मुरतेय. तसंच कटआउटचं अंग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यातही मोजा. माझ्या गाडीत कटआउटच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर होता, म्हणजे अर्थिंग नावालाच. रंग खरवडला, कटआउटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढली आणि निम्मं दुखणं तिथेच संपलं.

कटआउट निवडताना

सुट्या भागांच्या बाजारात काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘किती वायरचा?’ आणि चार वायर म्हटलं की चार वायरचा हातात ठेवतो. वायर मोजून काम भागत नाही. गाडीची कॉइल कशी आहे, ते पाहावं लागतं.

कटआउटचं सॉकेट काढा आणि कॉइलकडून येणारी वायर व इंजिनाची बॉडी यांत कंटिन्युइटी पाहा, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत का ते मीटरवर तपासा. आरएक्स आणि तिच्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ केलेलं असतं. अशा गाडीत हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेवर) चालतो आणि बॅटरीला लाटेचा अर्धाच भाग मिळतो. इथे हाफ-वेव्ह, एसी-डीसी प्रकारचाच कटआउट लागतो. यामाहात साधारणपणे लाल वायर बॅटरीची, काळी अर्थची, पांढरी आणि पिवळी कॉइलकडची. तरी तीस वर्षांनंतर रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. कॉइलच्या कुठल्याच टोकाला बॉडीशी कंटिन्युइटी नसेल, तर फुल-वेव्ह, म्हणजे पूर्ण लाट वापरणारा कटआउट. तीन सारख्या रंगाच्या वायर येत असतील, तर बहुधा थ्री-फेज.

एलईडीच्या मोहात इथेच फसगत होते. एसीवर चालणाऱ्या हेडलाइटला एलईडी लावला की आयडलिंगला तो फडफडतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘बॅटरीवर घ्या की.’ हिशेब करा. ३५ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर जवळपास ३ अँपिअर ओढतो, आणि आरएक्सची बॅटरी अडीच एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). हाफ-वेव्ह चार्जिंगला हे झेपत नाही. हेडलाइट बॅटरीवर घ्यायचाच असेल तर कॉइलचं अर्थ केलेलं टोक सोडवून वेगळी वायर बाहेर काढावी लागते आणि फुल-वेव्ह कटआउट लावावा लागतो. जाणता वायरमन ते करून देतो.

आणखी एक. यातले बहुतेक कटआउट शंट प्रकारचे असतात, म्हणजे उरलेली वीज ते शॉर्ट करून जिरवतात. सगळे दिवे एलईडी केले की जिरवायची वीज वाढते आणि कटआउट जास्त तापतो. म्हणून त्याला वारा लागेल अशा जागी, पंख बाहेर ठेवून बसवा. सिरीज प्रकारचा मिळाला आणि कॉइलला जुळत असेल, तर तो जादा वीज मुळात घेतच नाही. महाग असतो, पण कॉइलही थंड राहते.

डायनॅमोवाल्या जुन्या जावा-येझदीचं गणित वेगळं. तिथे रिलेसारखा यांत्रिक कटआउट असतो. त्याच्या जागी मिळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट डायनॅमोसाठीच बनवलेलं हवं, वर सांगितलेल्यांपैकी एकही चालणार नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. ते न बघता जोडलं की युनिट जळालंच म्हणून समजा.

आता बॅटरी

व्होल्ट आणि एएच मूळ गाडीप्रमाणेच घ्या. मोठी बॅटरी लावली म्हणून जास्त वीज तयार होत नाही. छोटी कॉइल ती कधी पूर्ण भरतच नाही आणि अर्धवट भरलेली बॅटरी सल्फेट धरून मरते. टोकं डावी-उजवी कुठे आहेत तेही बघा, नाहीतर वायर ताणून बांधावी लागते.

पाणी टाकायची बॅटरी स्वस्त पडते आणि थोडाफार ओव्हरचार्ज सोसते, कारण आटलेलं डिस्टिल्ड वॉटर पुन्हा भरता येतं. मात्र तिची हवेची नळी खाली, चेनपासून लांब सोडा, नाहीतर ॲसिड फ्रेमचा रंग खातं. मेंटेनन्स-फ्री बॅटरी सुटसुटीत, पण कटआउट ठीक असल्याची खात्री झाल्यावरच. लिथियम जुन्या गाडीला मी तरी लावणार नाही. यांत्रिक कटआउटवर ती घेऊच नका.

बुलेटवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पॉइंटवाल्या (यांत्रिक संपर्काने ठिणगी पाडणाऱ्या) जुन्या बुलेटची ठिणगी बॅटरीवर अवलंबून असते. आरएक्सचं सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बॅटरीशिवायही चालतं, तेव्हा आरएक्सवाल्याची चालढकल खपते.

नवी बॅटरी ॲसिड भरल्यावर अर्धा तास तशीच ठेवून एएचच्या दहाव्या हिश्शाच्या करंटवर चार्ज करा. अडीच एएचला पाव अँपिअर. दुकानदार ‘तासाभरात देतो’ म्हणाला तरी घाई करू नका.

बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, काढताना उलट. पॉझिटिव्हवर फ्यूज हवाच, टोकांना व्हॅसलिन लावा. मग वीस मिनिटं चक्कर मारून, गाडी गरम असतानाच पुन्हा मीटर लावा. स्वस्तातले काही कटआउट थंड असताना १४.२ दाखवतात आणि तापले की १५.५वर जातात. तसं झालं तर बिल घेऊन त्याच दिवशी परत करा.