बडोद्याहून नरारा : ओहोटीच्या वेळी प्रवाळांचा तपकिरी रंग कसा वाचावा

कच्छच्या आखातातील नराऱ्याहून परतलेली मंडळी बहुधा ऑक्टोपस, फुगा मासा आणि खेकडे यांच्याविषयीच बोलतात. प्रवाळ पाहिले का, असे विचारल्यास ‘ते दगडासारखे होते’ असे उत्तर मिळते. त्या ‘दगडांवरचा’ मळकट तपकिरी रंग ही नराऱ्याची खरी नवलाई आहे, कारण तो रंग प्राण्याचा स्वतःचा नसून त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा असतो. चिखलापासून त्याला वेगळा कसा ओळखावा, त्याच्या छटेवरून प्राण्याची प्रकृती कशी ताडावी आणि हे सारे करताना त्या प्राण्याला इजा कशी होऊ देऊ नये, याची पद्धत पुढे दिली आहे.

बडोदेकरांना हे आखात परके वाटण्याचे कारण नाही. आखाताच्या तोंडावरचे ओखामंडळ बडोदे संस्थानचाच भाग होते. तेथील सागरी प्राण्यांची पाहणी संस्थानने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली आणि तिचा अहवाल १९०९ व १९१६ असा दोन भागांत प्रसिद्ध झाला. कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी मुले थांबतात, तेव्हा ओखामंडळाचा हा धागा त्यांना अवश्य सांगावा. पुढे १९८० मध्ये या आखातात सागरी अभयारण्य झाले आणि १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. देशातील असे ते पहिलेच उद्यान होते.

रंग वाचण्याआधी त्यामागची देवघेव समजून घ्यावी. प्रवाळाची वसाहत असंख्य चिमुकल्या प्राण्यांची मिळून बनते. त्यांतला एकेक प्राणी म्हणजे पॉलिप, आणि तो समुद्रफुलाचाच (सी अॅनिमोनचा) छोटा नातलग आहे. त्याची पिशवीसारखी काया, मध्ये तोंड आणि तोंडाभोवती दंशपेशींनी भरलेली संस्पर्शके, म्हणजे भक्ष्य पकडणारे बारीक हात, असतात. त्याच्या आतल्या थरातील पेशींमध्ये साधारण शतांश मिलिमीटर व्यासाची शैवाले राहतात आणि एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असते. दिवसा ही शैवाले प्रकाशसंश्लेषण करून शर्करा, ग्लिसरॉल आणि अन्य पोषकद्रव्ये पॉलिपला देतात, तर पॉलिप त्यांना निवारा, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या उत्सर्गातील नत्र व फॉस्फरस पुरवतो. उथळ, उजेडाच्या पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग या मार्गाने भागू शकतो. उरलेल्यासाठी तो रात्री संस्पर्शके पसरून सूक्ष्म प्राणी पकडतो. उजेडात चुनखडीचा सांगाडा अधिक वेगाने वाढतो, हे थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून १९५९ मध्ये दाखवले. बहुतेक जातींच्या पिलांना हे शैवाल आसपासच्या पाण्यातून नव्याने मिळवावे लागते. पोरायटिस व मोंटिपोरा यांच्या अंड्यांतच मात्र आईकडून आलेले शैवाल असते, आणि या दोन्ही प्रजाती आखातात आहेत.

या शैवालांना बराच काळ ‘सिंबायोडिनियम’ या एकाच नावाने ओळखले जाई. ते नाव १९६२ मध्ये उलट्या पडून राहणाऱ्या कॅसिओपिया जेलीफिशमधील शैवालावरून दिले गेले. २०१८ पासून त्यांची अनेक प्रजातींत विभागणी झाली आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकाला या नावांचा उपयोग नाही, पण वेगवेगळ्या शैवालांची उष्णता सोसण्याची क्षमता वेगळी असते, एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे शेजारशेजारच्या दोन वसाहतींपैकी एकच पांढरी का पडली, याचे कोडे काहीसे सुटते.

दिवस निवडणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि बहुतेक सहली तेथेच फसतात. सुट्टी पाहून तारीख ठरवू नये; ओहोटी पाहून ठरवावी. घरच्या पंचांगात पौर्णिमा आणि अमावास्या शोधावी, कारण उधाणाच्या दिवसांतच पाणी सर्वांत जास्त मागे हटते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, प्रवाळ पाण्याखालीच राहतात. उधाणाचा जोर बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पौर्णिमेच्या नेमक्या दिवसाचा आग्रह न धरता पुढचे तीन-चार दिवसही तपासावेत आणि ज्या दिवशी पाण्याचा नीचांक चांगल्या उजेडात येतो तो दिवस पक्का करावा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जो हिशेब जुन्या माणसांना पाठ असतो, तो येथे वापरू नये, कारण भरतीची लाट आखाताच्या तोंडातून आत शिरत पूर्वेकडे जाते आणि जसजसे आत जावे तसतशी वेळ उशिराची होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत जवळच्या बंदराची वेळ पाहावी. मोबाइलवरील अॅप वापरल्यास त्यात मुंबई किंवा कांडला निवडलेले नाही ना, याची खात्री करावी. तक्त्यातील नीचांकाचा आकडा जितका लहान, तितके अधिक प्रवाळ उघडे पडतात. हिवाळा उत्तम, कारण ऊन सोसवते. पावसाळ्यात जाऊ नये.

प्रवासाचे फार सांगण्यासारखे नाही. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने जामनगर गाठावे, तेथून द्वारकेच्या रस्त्याने वाडीनारच्या बाजूस साधारण साठ किलोमीटरवर नरारा येते. हे राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र असल्यामुळे प्रवेशाचे नियम व शुल्क यांची चौकशी जामनगरच्या वन खात्याच्या कार्यालयात आधीच करावी आणि स्थानिक वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नये. पिरोटन बेटाचा मोह अनेकांना होतो, पण होडी, परवानगी आणि भरतीची वेळ या तिन्हींचा मेळ बसवण्यापेक्षा पहिल्या खेपेस पायी जाता येणारा नराराच बरा.

साहित्यात पहिला मान बुटांचा. चपला चिखलात रुततात आणि प्रवाळाच्या कडा तळव्याला चिरतात, म्हणून नाडीचे, जाड तळव्याचे जुने कॅनव्हास बूट घालावेत. अंगाला सनस्क्रीन चोपडून त्याच हाताने पाणी ढवळण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी घालणे अधिक योग्य ठरते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही आणि पोलरॉइड चष्मा सोबत असावा. पाण्यावरची चकाकी या चष्म्याने बरीच कमी होते.

याशिवाय एक पाहणीचा डबा घरीच तयार करावा, कारण वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या बारीक लहरींमुळे हातभर खोलीवरचे प्रवाळही स्पष्ट दिसत नाहीत. सुमारे वीस सेंटिमीटर रुंदीचा प्लास्टिकचा जाड डबा घेऊन त्याचा तळ कडेला बोटभर पट्टी राखून कापावा. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून पारदर्शक अॅक्रिलिकची चकती कापून आणावी, ती आतून त्या पट्टीवर सिलिकॉन सीलंटने चिकटवावी आणि पूर्ण दिवस वाळू द्यावी. डब्याची आतली बाजू काळी रंगवल्यास बाहेरचा उजेड आत परावर्तित होत नाही. निघण्यापूर्वी बादलीत दाबून गळती तपासावी. किनाऱ्यावर हा डबा पाण्यात दोन-तीन बोटे दाबून वरून पाहावे. तळाशी टेकवू नये.

पाणी नीचांकाला पोहोचण्याच्या साधारण दोन तास आधी चालू लागावे, म्हणजे मागे हटणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जाता येते. परतण्याची वेळ वाटाड्या सांगेल ती अंतिम मानावी. आखाताच्या आतल्या भागात उधाणाच्या वेळी पाणी सहा-सात मीटरपर्यंत चढउतार करते आणि सपाट जमिनीवर ते पाठीमागच्या खोलगट वाटांतून आधी भरते. सर्वांनी एकामागे एक, वाळूच्या पट्ट्यांवरून चालावे. वाळूत लपलेल्या पाकट माशावर पाय पडू नये म्हणून पाऊल न उचलता सरकवत टाकावे, मात्र प्रवाळ जवळ येताच थांबावे, कारण उडालेला गाळ त्यांच्यावर बसतो. आखाताचे पाणी मुळातच गढूळ आहे. गाळामुळे शैवालाचा उजेड कमी होतो आणि गाळ झटकण्यासाठी पॉलिपला चिकट द्रव स्रवावा लागतो, ज्यात त्याची शक्ती खर्च होते.

आता प्रत्यक्ष पाहणी. प्रथम आकार पाहावा आणि मगच रंग. पोरायटिस दुरून गुळगुळीत गोळ्यासारखे दिसते, पण भिंगाखाली मिलिमीटरभर रुंदीच्या असंख्य खळग्या, म्हणजे एकेका पॉलिपची घरे, दिसतात. फॅविया आणि फॅविटेस यांच्या खळग्या बोटाच्या पेराएवढ्या असतात. दोन खळग्यांमध्ये स्वतंत्र कडा आणि त्यांमधून जाणारी बारीक चर दिसली तर फॅविया, आणि भिंत सामाईक असली तर फॅविटेस, असा ठोकताळा नवशिक्याला पुरतो. प्लॅटिगायराच्या खळग्या एकमेकींत मिसळून वळणावळणाच्या घळी झालेल्या असतात. टर्बिनेरिया पसरट द्रोणासारखी वाढते. गोनिओपोरा मात्र सर्वांत आधी शोधावी, कारण बहुतेक प्रवाळ दिवसा पॉलिप मिटून घेतात, तर हिचे लांब देठांचे, २४ संस्पर्शकांचे पॉलिप भर दिवसा पाण्यात डुलत असतात आणि ‘हा दगड नाही’ हे सिद्ध करण्यासाठी मुलांना वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

रंग पाहताना चार अवस्था वेगळ्या काढाव्यात. गडद तपकिरी, सोनेरी किंवा शेवाळी छटा सर्वत्र सारखी पसरलेली असेल तर शैवालाची वस्ती भरपूर आहे. चमकदार हिरवा किंवा गुलाबी रंग दिसल्यास तो शैवालाचा समजू नये. तो बहुधा प्राण्याच्या स्वतःच्या चमकणाऱ्या प्रथिनांचा असतो. तिसरी अवस्था फिकटपणाची. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशानेही वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तर शैवालातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींना घातक ठरणारी ऑक्सिजनची रूपे तयार होतात आणि प्राणी शैवाल गमावतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. १९९८ च्या जागतिक ब्लीचिंगची झळ या आखातालाही लागली होती. पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ, ही समजूत चुकीची आहे: त्याच्या सांगाड्यावर काचेसारखा पारदर्शक मांसल थर शाबूत असतो, भिंगाखाली तोंडे दिसतात, आणि पाणी वेळेत निवले तर शैवाल पुन्हा वाढू शकते. चौथी अवस्था मृत्यूची, ज्यात खळग्यांच्या कडा झिजलेल्या असतात आणि वर धाग्यांसारखे हिरवे किंवा करडे शेवाळ व गाळ साचलेला असतो. गंमत अशी की दुरून पाहणाऱ्याला हा मेलेला, हिरवट प्रवाळच अधिक ‘जिवंत’ वाटतो. उघड्या पडलेल्या प्रवाळावर बुळबुळीत थर दिसल्यास तो रोग समजू नये. वाळून जाऊ नये म्हणून प्राण्याने केलेली ती सोय आहे.

प्रवाळांखेरीज हेच सहजीवन वाळूच्या डबक्यांत सपाट पसरलेल्या समुद्रफुलांत पाहावे. हॅडनचे समुद्रफूल हे त्यांतले मोठे. त्याची चकती हातभर रुंद होऊ शकते आणि तिच्यावर आखूड, चिकट संस्पर्शकांची दाटी असते. जवळ सावली पडली किंवा धक्का लागला की ते वाळूत शिरते, म्हणून सूर्य समोर ठेवून उभे राहावे. दगडांवर बटणांच्या चटईसारखे पसरलेले झोअँथिड हेही शैवालधारी प्राणी आहेत, पण त्यांतील पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकते, तेव्हा त्यांना बोटही लावू नये. हाताला जखम असल्यास तर मुळीच नाही. तुलनेसाठी नळीत राहणारे समुद्रफूल शोधावे. त्याला बाहेर लांब आणि तोंडाजवळ आखूड अशी संस्पर्शकांची दोन वर्तुळे असतात. हा प्राणी शैवाल बाळगत नाही. त्याचे सर्व पोट शिकारीवर चालते. ही दोन समुद्रफुले लागोपाठ पाहिल्यास उजेडासाठी पसरलेले शरीर आणि केवळ भक्ष्यासाठी ताणलेले हात यांतील फरक लगेच कळतो.

काही वाटाडे पाहुण्यांना खूश करण्यासाठी प्राणी हातात उचलून देतात. फुगा मासा फुगवून दाखवण्याची फर्माईश पाहुण्यांकडूनच होते, हेही खरे आहे. निघण्यापूर्वीच ‘काही उचलू नका, जेथे आहे तेथेच दाखवा’ असे नम्रपणे सांगून ठेवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळांचा समावेश आहे, आणि उद्यानातून मेलेला तुकडा किंवा रिकामा शिंपला आणणेही निषिद्ध आहे.

नोंदीशिवाय रंगाची आठवण विश्वासार्ह राहत नाही. प्रत्येक वसाहतीसाठी तारीख, वेळ, तक्त्यातील नीचांक, अंदाजे आकार, प्रजाती आणि सर्वांत फिकट व सर्वांत गडद भागाची छटा लिहावी. छटेसाठी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचे रंगपत्रक वापरता येते. ते मिळाले नाही तर छायाचित्राच्या चौकटीत पांढऱ्या पाटीचा तुकडा ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि स्वतःची सावली प्रवाळावर पडू देऊ नये, म्हणजे पुढच्या हिवाळ्यातील छायाचित्राशी तुलना करता येईल. कॅमेऱ्यात पाण्याच्या चकाकीमुळे रंग फिका येतो, म्हणून शक्यतो पाहणीच्या डब्यातूनच छायाचित्र घ्यावे. पांढऱ्या पडलेल्या वसाहती एकाच पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळल्यास वाटाड्याला जागेची खूण विचारून घ्यावी आणि छायाचित्रांसह ती माहिती त्याच दिवशी जामनगरच्या वन कार्यालयात द्यावी.