जुन्या विंडोजवर प्रिंट नेमकी अडकते कुठे?

तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात नव्यानं बसलात की विंडोज ७ किंवा एक्सपीचा संगणक वाट्याला येऊ शकतो. जूनमध्ये दाखल्यांची रांग दारापर्यंत जाते आणि नेटवर्कवरचा प्रिंटर मिनिटभर हलत नाही. म्हणून लगेच ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) उडवू नका. आधी वेळ कुठे जातो ते बघा: काम क्यूमध्ये (छपाईच्या कामांच्या यादीत) दिसायलाच उशीर, दिसूनही सरकत नाही, की क्यू रिकामी होऊनही प्रिंटर गप्प?

क्यूमध्ये यायला उशीर होत असेल, तर बंद पडलेले जुने नेटवर्क प्रिंटर यादीतून काढा. डिफॉल्ट प्रिंटर तसला असेल तर वर्डसुद्धा रेंगाळत उघडतो, कारण पानाच्या मांडणीसाठी तो त्याच प्रिंटरला विचारत असतो. प्रिंटर एक्सपी प्रोफेशनलवरून शेअर केला असेल, तर एका वेळी १० जोडण्यांचीच मर्यादा आहे; विंडोज ७ वर २०.

क्यूमध्ये काम थांबत असेल तर खोट बहुतेक पोर्टात, म्हणजे प्रिंटरपर्यंत जायच्या वाटेच्या नोंदीत असते. 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा (विंडोज ७ वर नुसतं 'प्रॉपर्टीज' नव्हे; एक्सपीवर मात्र 'प्रॉपर्टीज'च), मग पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट. प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१०० ठेवा आणि 'एसएनएमपी स्टेटस' (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारणं) ची खूण काढा. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल तर विंडोज वाट बघत बसतं, कधी चालू प्रिंटरही 'ऑफलाइन' दाखवतं. विंडोज ७ नं आपणहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधणारा) पोर्ट लावला असेल, तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट जोडा.

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. लाईट जाऊन आली की राऊटर प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊ शकतो, पोर्टात मात्र जुनाच राहतो. पिंगला (त्या पत्त्यावर कुणी आहे का ते बघणाऱ्या कमांडला) उत्तर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तो पत्ता एव्हाना कुणाच्या मोबाईलला गेलेला असू शकतो. प्रिंटरच्याच बटणांवरून कॉन्फिगरेशनचं पान काढा, त्यावरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) कमांड प्रॉम्प्टमधल्या 'एआरपी -ए' (arp -a) च्या यादीशी, म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅकचा आहे त्याच्याशी, ताडून बघा आणि राऊटरमध्ये तो आयपी प्रिंटरच्या नावे राखून ठेवा.

अडकलेलं काम डिलीट होत नसेल, तर सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (छपाईची कामं साठवून पुढे धाडणारी सेवा) थांबवा, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या 'प्रिंटर्स' मधल्या फाइली पुसा, स्पूलर परत चालू करा. यात थांबलेली सगळी कामं जातात, तेव्हा शेजारच्या टेबलांना आधी विचारा.

क्यू रिकामी असूनही पान येत नसेल तर फाइल बघा. ए४ पान ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की उलगडल्यावर सुमारे १०४ एमबी होतं, ३०० ला २६. दाखल्याच्या झेरॉक्सला ३०० काळं-पांढरं भरपूर झालं.