बँकेकडून डॉलरचा दर कधी आणि कसा मागावा

निर्यातीचे ५०,००० डॉलर आले असतील, तर दरातल्या १० पैशांची किंमत ५,००० रुपये होते. हे १० पैसे बऱ्याचदा रुपया वधारल्या-घसरल्याने जात नाहीत. बाजार पातळ असताना दर मागितला म्हणून जातात.

बाजार खोल केव्हा असतो? विकणारे आणि घेणारे दोघेही हजर असले की. आंतरबँक बाजार, म्हणजे बँका एकमेकींशी डॉलरचे सौदे करतात तो, सकाळी ९ ते दुपारी ३:३० चालतो, पण तो दिवसभर सारखा नसतो. रात्री लंडन-न्यूयॉर्कमध्ये आणि पहाटेपासून सिंगापुरात रुपयाचे परदेशी सौदे झालेले असतात. ९ वाजता बँकांचे डीलर त्या सौद्यांशी दर जुळवत असतात, म्हणून खरेदी-विक्री दरांतलं अंतर रुंद असतं. साधारण तासाभरात ते आवळतं. एफबीआयएलचा (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा) संदर्भ दर ११:३० ते १२:३० मधल्या कुठल्याही १५ मिनिटांच्या सौद्यांवरून ठरतो. अनेक कंपन्यांचे व्यवहार त्या दराला बांधलेले असल्याने या तासात वर्दळ असते. तीननंतर उलट. रात्रभर किती डॉलर उघडे, म्हणजे न मिटवलेले, ठेवायचे यावर बँकेला मर्यादा असते, त्यामुळे डीलर आहेत ते सौदे मिटवण्याच्या मागे असतो. ३:३० नंतर बँक दर देऊ शकते, पण समोर इथली दुसरी बँक सहसा नसते. त्या जोखमीचे पैसे तुमच्या दरातून जातात. म्हणून घाई नसेल तर १० ते १ मध्ये फोन करा. अमेरिकेत सुट्टी असेल, तर तो दिवस शक्यतो सोडा.

दिवसही पाहावे लागतात. महिनाअखेरीला तेल कंपन्या आणि इतर आयातदार डॉलर घ्यायला येतात. सगळ्यात वाईट स्थिती रुपया घसरू लागल्यावर येते. निर्यातदार ‘अजून चढेल’ म्हणून डॉलर धरून बसतात, आयातदार पुढच्या महिन्याचेही आजच घेऊन ठेवतात. विकणाराच उरत नाही आणि थोड्या मागणीनेही दर उडतो. २८ ऑगस्ट २०१३ ला रुपया ६८.८० च्या पलीकडे गेला. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांना थेट डॉलर देण्याची स्वॅप सोय (ठरल्या मुदतीनंतर ते परत घेण्याच्या बोलीवर) जाहीर केली. एवढा मोठा घेणारा बाजाराबाहेर काढणं हाच तिचा हेतू होता. अशा दिवसांत सगळी रक्कम एकदम विकू नका, तीन-चार भाग करा. मात्र ईईएफसी खात्यातली (निर्यातीची कमाई परकीय चलनातच ठेवायचं खातं) रक्कम, पुढची देणी वगळता, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात, तर मिळेल तो दर घ्यावा लागेल.

नाशिकच्या द्राक्षांचे पैसे युरोत येत असतील, तर आणखी एक गोष्ट. युरो-रुपयाचा स्वतंत्र खोल बाजार नाही. बँक युरोचे डॉलर करते आणि डॉलरचे रुपये, म्हणजे अंतर दोनदा मोजलं जातं. युरोप उघडल्यावर, दुपारी दीडनंतर पण तीनच्या आत विचारणं बरं.

आता फोनवर काय बोलायचं. फलकावरचा कार्ड रेट घेऊ नका, लाइव्ह रेट, म्हणजे त्या क्षणाचा दर, मागा. विकायचं आहे हे आधी न सांगता खरेदी आणि विक्री दोन्ही दर विचारा. अंतर नेहमीपेक्षा मोठं वाटलं, तर तासाभराने पुन्हा विचारा. आंतरबँक दर किती आणि बँकेचं मार्जिन किती, हे वेगवेगळं सांगायला लावा. मग दर कॅश (पैसे आजच), टॉम (उद्या) की स्पॉट, हे विचारा. स्पॉटचे पैसे कामकाजाच्या दोन दिवसांनी मिळतात. आजच हवे असतील, तर त्या दिवसांचा प्रीमियम (पुढच्या तारखेच्या डॉलरला मिळणारा जादा दर) कापला जातो. समजा दर ८५ आणि वार्षिक प्रीमियम २ टक्के असेल, तर दोन दिवसांचा एक पैसाही होत नाही. गुरुवारी मात्र स्पॉट सोमवारवर जातो, म्हणजे चार दिवसांचे पावणेदोन-दोन पैसे. बँकेने ‘कॅश’च्या नावाखाली ८ पैसे कापले, तर हिशेब मागा.

मार्जिनवर घासाघीस जमत नसेल, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल हा ऑनलाइन मंच २०१९ पासून आहे. तिथे तुमची ऑर्डर बाजाराच्या दरालाच जुळते आणि बँक आधी ठरलेलं शुल्क घेते. नोंदणीला बँकेची मंजुरी लागते आणि त्यात वेळ जाऊ शकतो, म्हणून माल रवाना करतानाच अर्ज द्या.