बोरन्हाण घालताय? या चुका टाळा

बोरन्हाणात, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत बाळाच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतण्याच्या समारंभात, बहुतेक घरांचं एकाच ठिकाणी चुकतं. बाळाच्या डोक्यावर जे ओतायचं ते आणि मुलांनी जे खायचं ते, दोन्ही एकाच परातीत कालवलं जातं. चुरमुरे, बोरं, शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, गोळ्या, सगळं एकत्र. परात दिसते सुरेख. पण त्यातल्या निम्म्या वस्तू वर्षाच्या बाळाच्या घशात अडकू शकतात, आणि उरलेल्या वस्तू अर्ध्या तासात सादळतात.

पहिला उपाय म्हणून दोन परातीच वेगळ्या कराव्यात. एक न्हाणाची, एक खाऊची.

न्हाणाच्या परातीत मुख्य भर चुरमुरे आणि ज्वारीच्या लाह्यांचा ठेवावा. दहा-बारा मुलं येणार असतील तर अर्धा किलो चुरमुरे पुष्कळ झाले. पाव किलोनेच मोठं पातेलं भरतं. बोरं अर्धा किलो, तीही लहान आणि टणक. पिकून मऊ झालेली बोरं केसांत आणि चादरीवर चिरडतात. भुईमुगाच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे न सोलता टाकावेत. टरफलासकट असले की परातही हिरवी दिसते आणि लहानग्याच्या तोंडात थेट दाणा जात नाही. सोललेले शेंगदाणे, फुटाणे, रेवड्या, गोल गोळ्या यांना या परातीत जागा नाही. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे खायला देऊच नयेत. दाणा नीट चावता येत नाही, आणि हसता-रडता दाणा श्वासनलिकेत ओढला जातो. बोराच्या बीचंही तेच.

चुरमुरे मऊ पडल्याची तक्रार दरवर्षी ठरलेली. दोष चुरमुऱ्यांचा नसतो. बोरं धुऊन ओलीच मिसळलेली असतात, वर गाजराचे तुकडे आणि उसाचे करवे. बोरं आदल्या रात्री धुवावीत आणि पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवावीत. देठाजवळच्या खळगीत पाणी साचतं, ते टिपून घ्यावं. गाजर आणि ऊस परातीत कालवायचेच नाहीत. बाजूला वाटीत ठेवून शेवटी चार तुकडे चादरीवर टाकले की शास्त्र पूर्ण होतं. उसाचे करवे डोक्यावर तर नकोतच. कापलेल्या कडा धारदार असतात. सगळं मिश्रण ओतायच्या दहा मिनिटं आधी करावं, सकाळी करून झाकून ठेवू नये.

ओततानाची चूक वेगळी. उत्साहात मोठी माणसं उभ्याने, पूर्ण परात, एकदम उपडी करतात. बाळ दचकतं, आणि एकदा भोकाड पसरलं की पुढचे फोटो विसरा. वीतभर उंचीवरून, ओंजळीने, आधी फक्त चुरमुरे. बाळाला हातात चार चुरमुरे धरू द्यावेत, पायावर पडू द्यावेत, मग डोक्यावर. बोरं शेवटी, खांद्याच्या बाजूने. नीट न बसणाऱ्या बाळाला पाटावर टेकवून ठेवण्यापेक्षा आईच्या मांडीवर घ्यावं.

हलव्याचे दागिने

इथला हलवा म्हणजे साखरेचे काटेरी दाणे, त्यामुळे दमट हवेत तो ओल धरतो आणि चिकट होतो. मुंबई-कोकणात आठवडाभर आधी आणलेले दागिने खोक्यातून काढताना एकमेकांना चिकटून निघतात ते त्यामुळे. घट्ट झाकणाच्या डब्यात, प्रत्येक दागिन्यामध्ये कोरडा कागद घालून ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढताच त्यांना पाणी सुटतं. डब्याभोवती मुंग्या फिरणारच, तेव्हा डबा पाण्याच्या ताटलीत.

घालण्याआधी प्रत्येक दागिना तळहातावर घेऊन हलका ओढून बघावा. सुटा होणारा मणी, टिकली, खडा आधीच काढून टाकावा. डिंकाने चिकटवलेला हलवा खाण्यासाठी नाही, हे आजीलाही सांगून ठेवावं. दागिन्यातला एक दाणा बाळाला चाटवायचा मोह तिथेच होतो. काटेरी हलवा मानेला टोचतो, म्हणून गळ्याभोवती मऊ कॉलर असलेलं झबलं आत असावं. हाराची गाठ दोऱ्याने मारू नये. ओढलं की सुटेल अशी रिबीन बांधावी. मुकुट, हार, बाजूबंद, मुलाच्या हातात बासरी, सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. फोटो झाले की उतरवून मगच न्हाण.

काळे कपडे नवे असतील तर एकदा धुऊन घ्यावेत, घामाने रंग उतरतो. जरीचं, नेटचं काळं झगझगीत पोलकं दुकानात गोड दिसतं आणि पंधरा मिनिटांत अंगावर पुरळ आणतं. सुती काळं कापड बरं. औक्षणाच्या ज्योतीजवळही तेच बरं, कारण सिंथेटिक कापड पेट घेऊन कातडीला चिकटतं. औक्षण आधी उरकावं आणि निरांजन लगेच आत न्यावं. ओतायला सुरुवात झाली की मुलं धावतात, तेव्हा जमिनीवर तेवतं तबक नको.

वेळ आणि तारीख

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करतात, म्हणून घरोघरी ‘बघू पुढच्या रविवारी’ चालतं. पण हा काळ दरवर्षी सारखा नसतो. रथसप्तमी 2024 साली 16 फेब्रुवारीला होती, 2025 मध्ये 4 फेब्रुवारीला, आणि 2026 मध्ये थेट 25 जानेवारीला. म्हणजे कधी महिना हाताशी असतो, कधी जेमतेम दहा-अकरा दिवस. आधी पंचांग, मग पाहुणे. वेळ बाळाच्या दुपारच्या झोपेनंतरची, पोट भरलेलं असताना. पाहुण्यांच्या सोयीने सायंकाळी सातला ठेवलं की बाळ पेंगतं.

लूट

खाली जुनी साडी किंवा दोन चादरी आडव्या-उभ्या अंथराव्यात. शेवटी चार कोपरे उचलले की सगळं गाठोड्यात. चादरीबाहेर गेलेली बोरं गुळगुळीत फरशीवर गोट्यांसारखी गडगडतात आणि घरातली वयस्क माणसं त्यांवरून घसरतात. ती आधी उचलावीत. तीन वर्षांखालच्यांना दहा मोजेपर्यंत आधी वेचू द्यावं, मग मोठ्यांना सोडावं, नाहीतर डोक्याला डोकं आपटतं. वेचलेलं खायचं नाही. दारातून निघताना प्रत्येकाला खाऊच्या परातीतली पुडी द्यायची, मुलाच्या वयाप्रमाणे भरलेली. लहानग्यांच्या पुडीत लाडूचे मऊ तुकडे, केळं किंवा बिस्किट.

एवढं करूनही काही अडकलं तर: मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. पाणी पाजू नये, बोट घालून चाचपू नये. खोकताच येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर एकाने रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मधोमध तळहाताने 5 ठोके. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी 5 वेळा दाब. पोट दाबायचं नाही. वर्षावरच्या मुलाला पाठीत 5 ठोके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने 5 झटके. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून. मूल निपचित पडलं तर थेट सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास.

त्या वेळी नुसता ठसका लागून गेला आणि दोन दिवसांनी खोकला, घरघर सुरू झाली, तर डॉक्टरांना बोरन्हाणाचं आवर्जून सांगावं. शेंगदाणा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, आणि सांगितलं नाही तर साध्या सर्दीचं औषध चालू राहतं.