अपेंडिक्सची दुर्बिणीची शस्त्रक्रिया: या चुका टाळा

रविवारी दुपारी भाच्याचं पोट बेंबीभोवती दुखायला लागलं. सकाळी मिसळ झाली होती, म्हणून घरादाराने निदान करून टाकलं: गॅस. ओवा झाला, सोडा झाला, रात्री आजीने एरंडेल पाजलं. सगळ्यात मोठी चूक हीच. अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाब दिला तर ते फुटण्याचा धोका वाढतो.

रात्रीतून कळ उजव्या ओटीपोटात सरकली. कासारवडवलीहून निघालो, तर घोडबंदर रोडवर रिक्षा गतिरोधकावर उडाली की पोरगा ओठ चावायचा. सर्जनने पहिला प्रश्न तोच विचारला, "हादरा बसला की दुखतं का?" सरकलेलं दुखणं, मेलेली भूक, मळमळ आणि हादऱ्याची कळ एकत्र दिसली की घरगुती उपाय बंद करा. दुखणं अचानक थांबलं तरी हुरळून जाऊ नका. अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ असा उतार पडतो.

निघताना चहा-बिस्किटं देऊ नका. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर ऑपरेशन लांबू शकतं.

अपेंडिक्स दुर्बिणीने काढायची ही पद्धत 1980 साली जर्मनीत कुर्ट झेम यांनी पहिल्यांदा वापरली, आणि ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ! बहुधा तीनच छोटी छिद्रं पाडतात. आत गुंतागुंत दिसली तर सर्जन पोट उघडतात. त्यावरून नंतर हुज्जत घालू नका, तो निर्णय रुग्णाच्या भल्याचाच असतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी भाच्याचा खांदा दुखू लागला आणि ताईला वाटलं, हार्ट! पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा आत उरतो, तो श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं चालवलं, दोन दिवसांत गेलं. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं.

"तीन भोकं तर आहेत," म्हणत भाचेसाहेबांनी सहाव्या दिवशी पाण्याचा वीस लिटरचा जार उचलला. भोकं बाहेरून लहान असली तरी आतली जखम ओलीच असते. जड काही कधी उचलायचं, ते सर्जनला विचारा. ताप, फुगलेलं पोट, उलट्या किंवा टाक्यांतून पू दिसला तर पॅरासिटामॉल देत बसू नका, आत पू साठलेला असू शकतो.

आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणीला जातं. त्यात क्वचित गाठही निघते, म्हणून तो रिपोर्ट आणून सर्जनला दाखवायचा. आमचा बारा दिवस काउंटरवर पडून होता.