घटनास्थळावरील भौतिक पुरावा: उचलण्याची आणि वाचण्याची पद्धत

घटनास्थळी पोहोचल्यावर काहीही उचलण्याआधी जागच्या जागी उभे राहून पाहावे. घरात मृतदेह पडला आहे, नातेवाइकांचा आक्रोश चालू आहे, दारात गाव लोटला आहे आणि वरिष्ठांचा फोन सारखा वाजतो आहे, अशा वेळी हे पाळणे फार कठीण असते. तरीही पहिल्या काही मिनिटांत जे हलते, पुसले जाते किंवा पायाखाली जाते, ते पुढे कोणतीही प्रयोगशाळा परत आणून देऊ शकत नाही. तपासाचे काम नव्याने हाती घेणारे पोलीस अधिकारी, न्यायसहायक विज्ञानाचे विद्यार्थी आणि फौजदारी वकिलीकडे वळणारे तरुण यांच्यासाठी हे लिहीत असून महाराष्ट्रातील कार्यपद्धती डोळ्यांसमोर ठेवली आहे.

या नियमाला अपवाद एकच आहे. जखमी व्यक्तीत धुगधुगी असेल तर पुराव्याची चिंता बाजूला ठेवून तिला आधी रुग्णालयात हलवावे. मात्र रुग्णवाहिकेचे कर्मचारी कोणत्या वाटेने आत आले, त्यांनी काय सरकवले आणि जखमीचे कपडे कोणी व कुठे कापले, याची नोंद त्याच वेळी घ्यावी. त्यानंतर जागा दोरीने बंदिस्त करावी, आणि ती गरज वाटते त्यापेक्षा मोठी धरावी, कारण घेरा नंतर लहान करता येतो, पण तुडवलेली जागा पूर्ववत होत नाही. आत जाण्यायेण्यासाठी एकच वाट ठरवावी व आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि वेळ लिहावी. यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचाही अपवाद नसावा. पंखा चालू होता की बंद, दिवा पेटलेला होता का, दाराची कडी आतून होती की बाहेरून, हे बदलण्यापूर्वी टिपावे. घटनास्थळावरचा नळ किंवा मोरी वापरू नये, कारण गुन्हेगाराने हात तिथेच धुतलेले असू शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. म्हणून तज्ज्ञांचे पथक येईपर्यंत जागा राखणे हेच स्थानिक अधिकाऱ्याचे पहिले काम ठरते. पावसाची सर येऊ घातली असेल तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. अंगणातील पाउलखुणेवर आधी घमेले उपडे घालावे, आणि तेही शक्य नसेल तर छायाचित्र काढून नमुना स्वतः उचलावा.

पंचनाम्याची भाषा

माझ्या मते पुराव्याचे निम्मे भवितव्य घटनास्थळ पंचनाम्याच्या भाषेवर ठरते. “मृताच्या उजव्या बाजूस रक्ताने माखलेला कोयता पडलेला आहे” हे वाक्य दोन ठिकाणी सदोष आहे. उजवी बाजू म्हणजे नेमके कुठे, हे त्यातून कळत नाही, आणि तो डाग रक्ताचा आहे हे अजून कोणी तपासलेले नाही. त्याऐवजी “पूर्वेकडील दरवाजाच्या डाव्या चौकटीपासून २ मीटर १० सेंटीमीटर व उत्तरेच्या भिंतीपासून ८५ सेंटीमीटर अंतरावर लाकडी मुठीचा कोयता, पाते पश्चिमेस, पात्याच्या टोकाकडील भागावर तांबूस तपकिरी वाळलेला डाग” असे लिहावे. डोळ्यांना जे दिसले ते पंचनाम्यात यावे, आणि त्यावरून काढलेला अर्थ तपासाच्या टिपणात जावा. हा भेद पहिल्या कागदापासून पाळला तर पुढे उलटतपासणीत अधिकाऱ्याला आपलेच शब्द मागे घ्यावे लागत नाहीत.

प्रत्येक वस्तूची जागा दोन स्थिर खुणांपासून मोजावी आणि कच्चा नकाशा तिथेच काढावा. छायाचित्रे आधी संपूर्ण जागेची, मग वस्तू आणि तिचा परिसर एकत्र दिसेल अशी, आणि शेवटी वस्तूच्या जवळून घ्यावीत. जवळचे प्रत्येक छायाचित्र एकदा मोजपट्टीशिवाय व एकदा मोजपट्टीसह, कॅमेरा वस्तूला काटकोनात धरून काढावे. पंच केवळ सहीपुरते उभे नसावेत. कोणती वस्तू कुठून उचलली हे त्यांनी खरोखर पाहिलेले असेल, तरच ते वर्षांनंतर न्यायालयात ठामपणे सांगू शकतील.

उचलणे आणि बांधणे

जे सर्वांत नाजूक आहे ते सर्वांत आधी उचलावे. फरशीवरील धुळीतला चपलेचा ठसा, मृताच्या मुठीतले केस, खिडकीच्या खिळ्यात अडकलेला धागा यांचा क्रम कपाट आणि भांड्यांच्या आधी लागतो. प्रत्येक वस्तूसाठी हातमोजे बदलावेत. एकाच मोज्यांनी मृताचा सदरा आणि संशयिताची पँट हाताळली तर दोन्हींवरचा पुरावा एका क्षणात निरर्थक होतो. याच कारणाने मृताचे आणि संशयिताचे कपडे एकाच गाडीत, एकाच टेबलावर किंवा शक्यतो एकाच कर्मचाऱ्याच्या हाती येऊ देऊ नयेत.

रक्ताचे ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते, बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनएचे विघटन होते; पावसाळ्यातील दमट हवेत तर हे फार लवकर घडते. कपडे सावलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, स्वच्छ कागदावर पसरून वाळवावेत, घडीच्या मध्ये कोरा कागद घालावा आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. भिंतीवरचा किंवा जमिनीवरचा डाग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या निर्जंतुक कापसाच्या बोळ्यावर घेऊन वाळवावा. त्या डागाशेजारच्या डाग नसलेल्या पृष्ठभागाचाही बोळा स्वतंत्रपणे घ्यावा, कारण रासायनिक चाचणीतली प्रतिक्रिया डागाची आहे की मुळात भिंतीच्या रंगाची, हे त्या दुसऱ्या नमुन्याशिवाय ठरवता येत नाही. मातीच्या बाबतीतही हाच नियम आहे: संशयिताच्या बुटावरील माती पाठवताना घटनास्थळाची माती तर लागतेच, शिवाय संशयिताच्या स्वतःच्या शेताची आणि घराच्या अंगणाची मातीही लागते.

पदार्थ बदलला की वेष्टनही बदलते. जळिताच्या घटनेत रॉकेल किंवा पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून राख व चिंध्या हवाबंद धातूच्या डब्यातच ठेवाव्यात. तिथे कागदी पिशवी निरुपयोगी आहे. गळफासाच्या घटनेत गाठ कधीही सोडू अथवा कापू नये. गाठीपासून दूर दोर कापावा आणि कापलेली दोन्ही टोके सुतळीने जोडून ठेवावीत, म्हणजे तपासाच्या वेळी झालेला छेद आणि मुळातला छेद यांत गल्लत होत नाही. गोळी धातूच्या चिमट्याने धरू नये, कारण तिच्यावरील बारीक रेषा हीच तिची ओळख असते. मऊ मातीतील पाउलखुणेचा साचा घेताना प्लास्टर ऑफ पॅरिसचे सरसरीत मिश्रण थेट ठशावर न ओतता कडेने आत वाहू द्यावे, आणि वाळल्यावर साच्याला चिकटलेली माती घासून काढू नये. मोबाइल चालू असेल तर तो चालूच ठेवून फ्लाइट मोडवर न्यावा व तसे लिहावे. बंद असेल तर उत्सुकतेपोटी सुरू करू नये. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचे (चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ आणि खरी वेळ यांतील फरक दोन्ही एकाच छायाचित्रात घेऊन नोंदवावा. नुसत्या सात मिनिटांच्या फरकाने एखाद्याचा ‘मी तिथे नव्हतो’ हा खरा बचाव खोटा ठरू शकतो. अशा इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र तेव्हाच मिळवून ठेवावे.

पाकिटावर गुन्हा क्रमांक, वस्तूचे वर्णन, जागा, तारीख, वेळ आणि पंचांच्या सह्या असलेले लेबल लावून लाखेची मोहोर करावी आणि त्या मोहोरेचा नमुना प्रयोगशाळेच्या पत्रासोबत वेगळा पाठवावा. मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत वस्तू कधी आली, कधी बाहेर गेली आणि ती प्रयोगशाळेत कोणत्या अंमलदाराने पोहोचवली, ही साखळी अखंड असली पाहिजे. निर्दोष रीतीने उचललेला नमुना मुद्देमाल खोलीत आठ दिवस कोणाच्या ताब्यात होता हे सांगता आले नाही, तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवील, आणि ते बोट योग्य जागी असेल.

वस्तू काय सांगते आणि काय सांगत नाही

फ्रान्समधील लियाँ येथे १९१० साली पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व असे, की दोन वस्तूंचा संपर्क आला की प्रत्येकीचे काही ना काही दुसरीवर राहते. नवे अधिकारी हे तत्त्व उत्साहाने पाठ करतात, पण त्यातला ‘संपर्क’ हा शब्द निसटून जातो. वस्तू संपर्क सांगते. हेतू, क्रम आणि बहुधा वेळही ती सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले आणि त्याच सुमारास जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. त्याची कागदपत्रांची पेटी फोडलेली होती आणि तिच्यातील बंगाली पंचांगाच्या निळसर वेष्टनावर दोन तपकिरी डाग होते. त्यांपैकी एक डाग चोरीसाठी पूर्वी शिक्षा झालेल्या, व्यवस्थापकाच्या एका जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला, आणि रासायनिक परीक्षकांनी तो डाग रक्ताचा असल्याचे सांगितले. तरीही न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरले, खुनासाठी नाही. रक्ताळलेल्या अंगठ्याने पंचांग हाताळले गेले एवढेच तो ठसा सांगत होता, सुरी कोणी चालवली हे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो संयम मला आजही अनुकरणीय वाटतो.

रक्ताच्या प्राथमिक चाचणीबाबतही हेच भान हवे. फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी गुलाबी आली म्हणजे रक्त सिद्ध झाले असे नाही. काही वनस्पतींतील पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) आणि काही ऑक्सिडीकारक रसायनेही तोच रंग देतात, तर रक्ताच्या संपर्कात उजळणारा ल्युमिनॉल ब्लीचिंगच्या द्रावणानेही उजळतो. पानाची वाळलेली पिंक आणि गंज तर नुसत्या डोळ्यालाही फसवतात. उलट बाजूने, प्रयोगशाळेच्या अहवालात “मानवी रक्त, रक्तगट निश्चित होऊ शकला नाही” असे आले तर त्याचा अर्थ रक्त आरोपीचे किंवा मृताचे नव्हते असा होत नाही. त्या वाक्यातून दोन्ही बाजूंना काहीच मिळत नाही आणि ते तसेच वाचले पाहिजे.

रक्ताच्या थेंबांच्या आकाराचे वाचन मोह पाडणारे असते. तिरका पडलेला थेंब लंबगोल होतो आणि त्याची रुंदी भागिले लांबी हे प्रमाण आघाताच्या कोनाच्या साइनइतके असते. ५ मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर लांब डाग म्हणजे साधारण ३० अंशांचा कोन. पण हे गणित गुळगुळीत फरशीवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर चालते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर थेंब शोषला जातो, त्याची कड फाटते, आणि तिथे कोन काढणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा वेष चढवणे होय.

फुटलेल्या काचेइतका स्पष्ट साक्षीदार मात्र क्वचितच मिळतो. आघाताच्या बिंदूपासून किरणांसारखे तडे बाहेर जातात आणि त्यांना जोडणारे गोलाकार तडे पडतात. किरणासारख्या तड्याची कड भिंगाखाली पाहिली तर तिच्यावर वक्र रेषा दिसतात, आणि आघात ज्या बाजूने झाला तिच्या विरुद्ध पृष्ठभागाशी त्या काटकोन करतात. घरफोडीचा बनाव करून काच आतून फोडली असेल तर या रेषा ते उघडे पाडतात. मात्र तुकड्याची आतली बाजू कोणती हे माहीत असले तरच त्याचा उपयोग होतो. म्हणून चौकटीत शिल्लक असलेल्या तुकड्यांवर उचलण्यापूर्वीच ‘आत’ व ‘बाहेर’ लिहावे. मोटारीच्या बाजूच्या, खड्यांसारखी चुरा होणाऱ्या काचेला हा नियम लागू नाही. मृतदेहाकडे पाहतानाही असाच सरळ प्रश्न विचारता येतो: खाली साचलेल्या रक्ताची निळसर लाल छटा पाठीवर आहे आणि देह पालथा सापडला आहे, तर त्याला मृत्यूनंतर काही तासांनी कोणी पालथा केले?

जुळणी शोधणाऱ्या माणसाला जुळणी दिसू लागते, हा धोका अनुभवी तज्ज्ञांनाही टळलेला नाही. २००४ साली माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सापडलेला एक ठसा एफबीआयच्या तज्ज्ञांनी अमेरिकेतील एका वकिलाचा ठरवला. स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच माणसाशी जुळवल्यावर त्या वकिलाला सोडून द्यावे लागले. म्हणून प्रयोगशाळेला पत्र लिहिताना संशयिताची कहाणी आणि आपली खात्री लिहू नये. “मुद्देमाल क्रमांक ३ वरील डाग मानवी रक्ताचा आहे काय, आणि असल्यास त्याचा डीएनए क्रमांक ७ च्या नमुन्याशी जुळतो काय” असे उत्तर देता येईल असे नेमके प्रश्न विचारावेत.

परिस्थितिजन्य पुराव्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्यातील प्रकरणात पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. त्यांतली एक अशी, की पुराव्याने आरोपीचा दोष सोडून इतर प्रत्येक संभाव्य स्पष्टीकरण वगळले गेले पाहिजे. ही कसोटी दोषारोपपत्राच्या वेळी आठवून उपयोग नाही. ती पहिल्या दिवसाच्या वहीत उतरली पाहिजे. समजा, कपाटाच्या दारावर शेजाऱ्याचा ठसा मिळाला. तो त्या घरी नेहमी येत असेल तर ठसा जुना असू शकतो, आणि ठशाच्या रूपावरून त्याचे वय खात्रीने सांगता येत नाही. पण घरातील बाईंनी आदल्या संध्याकाळी ते दार ओल्या फडक्याने पुसले होते का, एवढे त्याच दिवशी विचारून जबाबात घेतले, तर तोच ठसा त्या पुसण्यानंतरचा ठरतो. महिन्याभराने विचारलेल्या याच प्रश्नाला त्या बाई बहुधा “नक्की आठवत नाही” असेच उत्तर देतील.