लीडरचे टक्के आणि तुमच्या खात्यातले टक्के: कॉपी ट्रेडिंगचा हिशेब कसा मांडायचा

इचलकरंजीत मी रिटर्न भरायचं काम करते. जुलैत येणाऱ्या फायलींबरोबर हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, त्याच्या ॲपवर २४ टक्के दिसतात, मग माझे एवढेसे कसे?" विचारणाऱ्याने कुणा रिसर्च ॲनालिस्टची शेअर-बास्केट, म्हणजे त्याने निवडलेल्या शेअरांची यादी, घेतलेली असते, नाहीतर क्रिप्टोतल्या एखाद्या 'मास्टर ट्रेडर'ला खातं जोडून दिलेलं असतं. दोन्हीकडे 'लीडर' करेल ते सौदे आपल्या खात्यात जसेच्या तसे करायचे, हेच कॉपी ट्रेडिंग. उत्तर त्याच्याच कॉन्ट्रॅक्ट नोटांमध्ये, म्हणजे ब्रोकरने पाठवलेल्या सौद्यांच्या पावत्यांमध्ये, असतं. त्या डाउनलोड करायचा कंटाळा, एवढंच.

आधी फी बघा, आणि ती टक्क्यात नाही, रुपयात लिहा. समजा बास्केटची वर्षाची फी ६,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. तुम्ही ५०,००० गुंतवले असतील तर १४.१६ टक्के पहिल्याच दिवशी गेले. ५ लाख असतील तर तीच फी १.४ टक्के. बास्केट एकच, लीडर एकच, तरी धंदा पूर्ण वेगळा. 'महिन्याला फक्त ५०० रुपये' ही जाहिरात वाचताना भागाकार करायची सवय लावा.

मग खरेदी-विक्रीचा खर्च. वीस शेअरांची बास्केट, दर महिन्याला चार शेअर बदलतात असं धरू. ५०,००० च्या खात्यात महिन्याला १०,००० ची विक्री आणि १०,००० ची खरेदी. शेअर डिलिव्हरीत घेतले, म्हणजे त्याच दिवशी न विकता ठेवले, की एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) दोन्हीकडे ०.१ टक्का, खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, दोन्ही मिळून साडेएकवीस रुपये. हे सगळ्यांना माहीत असतं. लक्षात येत नाही तो डीपी चार्ज, म्हणजे डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचा आकार. तो रकमेवर नसतो. डिमॅटमधून शेअर विकला की प्रत्येक कंपनीमागे ठरावीक पैसे कापले जातात. १५ रुपये धरले तर चार कंपन्यांचे ६०, म्हणजे एसटीटीच्या तिप्पट. वर्षाचे ७२० आणि एसटीटी-स्टॅम्पचे २५८ मिळून ९७८ रुपये. फीसकट ८,०५८, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर. ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये घेत असेल तर जीएसटीसह आणखी २,२६५ च्या पुढे. हेच गणित ५ लाखांवर केलं तर ब्रोकरेज सोडून सगळं सव्वादोन टक्क्यांच्या आत बसतं.

आता नकलेकडे वळू, कारण खरी गळती इथे असते आणि ती कुठल्याही बिलावर छापलेली नसते.

आपल्या बाजारात अर्धा शेअर मिळत नाही. बास्केटमध्ये प्रत्येकी ५ टक्के लिहिलेलं असलं तरी ५०,००० चे ५ टक्के म्हणजे २,५००. शेअर १,९०० चा असेल तर एकच येतो, वजन ३.८ टक्के. १,३०० चा असेल तरी एकच, वजन २.६. एमआरएफसारखा शेअर, ज्याने २०२३ मध्ये लाखाचा आकडा ओलांडला, तो तर तुमच्या यादीतूनच गळतो. मग तुमच्याकडे उरते ती त्या बास्केटची चुलत बहीण. लीडरला फायदा नेमका त्या महागड्या शेअरात झाला असेल, तर तुम्ही फी भरून तो फायदा फक्त वाचलात.

वेळेचं नुकसान याहून मोठं. मॉडेल पोर्टफोलिओचा, म्हणजे लीडरने कागदावर दाखवलेल्या बास्केटचा, भाव बऱ्याचदा आदल्या दिवसाच्या बंद भावाने मोजतात. शेअर बदलल्याची मेल संध्याकाळी येते, तुमची ऑर्डर सकाळी सव्वानऊला जाते, आणि तुमच्यासारखे सगळे त्याच मिनिटाला रांगेत. लीडरच्या खात्यात ४१२ ला खरेदी, ४४० ला विक्री: ६.८ टक्के. तुम्हाला ४१८ ला मिळाला, ४३६ ला गेला: ४.३ टक्के. एका सौद्यात अडीच टक्के पडले, कुणाला काही न देता. स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरात, तर अप्पर सर्किट (दिवसाच्या भावाची वरची मर्यादा) लागलं की घेताच येत नाही, आणि लोअर (खालची) लागलं की विकता येत नाही. म्हणून लीडर निवडताना नफ्याआधी महिन्याची उलाढाल बघा. वर्षात दोनदा बदल करणाऱ्याची नक्कल बरीच जमते. रोज सौदे करणाऱ्याची जमतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्येच सामील होत असाल तर 'चालू सौदेही कॉपी करा' या पर्यायावर डोळे झाकून टिक करू नका. त्याने १०० ला घेतलेलं आज १३० ला आहे आणि त्याचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, ९५ वर आहे. स्टॉपलॉस लागला तर त्याचं नुकसान ५ टक्के, तुमचं २७.

नफ्यात वाटा घेणारे लीडर असतील तर दोन गोष्टी लेखी विचारा. हाय वॉटर मार्क आहे का, म्हणजे आधीचा तोटा भरून निघाल्यावरच वाटा कापतात का? आणि वाटा लीडरगणिक कापतात की तुमच्या एकूण नफ्यावर? एक-एक लाख दोघांकडे लावले. एकाने २०,००० कमावले, दुसऱ्याने २०,००० घालवले. तुमचा नफा शून्य, पण २० टक्के वाट्याने पहिला ४,००० घेऊन जातो.

क्रिप्टोवाल्यांसाठी मात्र मी वहीच पुढे करते. नफ्यावर ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, आणि एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. वर्षभरात नफ्याचे सौदे ६,००० चे, तोट्याचे ४,००० चे. हाती २,०००. कर मात्र पूर्ण ६,००० वर: १,८७२. उरले १२८ रुपये, तेही लीडरचा वाटा द्यायच्या आधी. शिवाय दर विक्रीवर १ टक्का टीडीएस. तो रिटर्नमध्ये परत मिळाला तरी तोवर भांडवल अडकलेलं. परदेशात बसलेल्या लीडरच्या २४ टक्क्यांत यातलं काहीही धरलेलं नसतं.

फॉरेक्सचं, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांचं, ॲप असेल तर हिशेब मांडायच्याही आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट (परवानगी नसलेल्या ॲपांची यादी) उघडून नाव शोधा. तिथे नाव असेल तर पुढचं गणित करू नका. शेअरचा सल्ला विकणारा रिसर्च ॲनालिस्ट असेल तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या साइटवर त्याचा आयएनएच ने सुरू होणारा नंबर तपासा.

शेवटी तुमचा खरा आकडा. एक्सेलमध्ये दोन रकाने करा, तारीख आणि रक्कम. खात्यात टाकलेला प्रत्येक पैसा उणे चिन्हाने. लीडरची फी वेगळ्या कार्डावरून गेली असली तरी तीही उणे. काढलेले पैसे अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजची किंमत अधिक. त्यावर एक्सआयआरआर (XIRR) हे सूत्र लावा, ते तारखा धरून वार्षिक परतावा काढतं. मग त्याच तारखांना तेवढेच पैसे एखाद्या निफ्टी इंडेक्स फंडात गेले असते तर, याची दुसरी शीट करा. शेअर वर्षाच्या आत विकले असतील तर पहिल्या शीटमधून नफ्यावरचा २० टक्के कर आणि सेसही काढा; तो कर मोजताना एसटीटी खर्च म्हणून धरता येत नाही. वर्ष भरलं नसेल तर वार्षिक टक्का फुगून दिसतो, तेव्हा रुपयातला फरक बघा. फीचं नूतनीकरण येण्याच्या आठवडाभर आधी हे करून ठेवा, कारण ऑटो-डेबिट बंद करायलाही दोन-तीन दिवस लागू शकतात.